दोन ओट्यांची खोली

१८ जानेवारी

चि. मातीखाऊ यास,
अ. उ. आ.

भिंतीचे पोपडे खाताना तुला लहानपणी मीच पकडलं होतं, तेव्हा या नावाने हाक मारायचा हक्क कायमचा माझा. आता तर तू मातीतच नोकरी करतोस, त्यामुळे नाव शोभतंही. फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुझ्या टेकडीवर फोन लागत नाही, आणि चुकून लागला तरी इकडे पलीकडच्या खोलीत बाबांचे कान टवकारलेले असतात.

तपासणीचा निकाल आला. बाबांचा आवाज बसलाय तो सर्दीने नाही. घशात गाठ आहे आणि ती वाईट आहे. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की स्वरयंत्र काढून टाकलं तर बाबा पुढे चांगली वर्षं काढतील. नाही काढलं तर हे वर्ष तरी निघेल की नाही, सांगता येत नाही. स्वरयंत्र गेलं की बोलणं गेलं. गळ्याला पुढून एक भोक राहील, श्वास तिथूनच घ्यायचा, आणि त्यात बसवलेली नळी रोज साफ करावी लागेल. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डॉक्टरांचे आभार मानले आणि जिना उतरताना मला सांगितलं की हे होणे नाही.

का, म्हणून विचारलं तर म्हणतात, जन्मभर एस.टी.ची गाडी चालवली, अख्ख्या रस्त्याला माझा आवाज ठाऊक आहे, आता मुका होऊन खिडकीत बसू का. घशाला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, त्याचं माहितीपत्रक मी आणून दिलं. त्यांनी त्याची घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल आता हलत नाही आणि बाबाही हलत नाहीत.

दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे निळं कापड. मशीनवर बसते आणि शिवण वाकडी जाते. आई गेली त्या आठवड्यातही माझी शिवण वाकडी गेली नव्हती. मला भीती वाटते रे. आई गेली, आता बाबाही असे माझ्या डोळ्यांदेखत, उपाय असताना जाणार असतील तर मला ते झेपणार नाही.

डॉक्टरांनी वीस फेब्रुवारी ही तारीख राखून ठेवली आहे. त्यापुढे ढकलू नका म्हणाले. तू ये आणि त्यांना समजाव. तुझं ते ऐकतात, निदान ऐकल्यासारखं करतात.

उत्तर लगेच टाक. लोभ आहे, तो भांडणांसकट असू दे.

तुझी,
ताई


२५ जानेवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून विटांच्या ढिगावर नुसता बसून राहिलो. सोबतच्या मंडळींना वाटलं साहेबांना ऊन लागलं, म्हणून कोणीतरी डोक्यावर छत्री आणून धरली.

ताई, मला लगेच निघता येत नाही, आणि त्याचं कारण सांगितलं की तू चिडणार आहेस. इथल्या विहाराच्या तीन बाजू पूर्वीच मोकळ्या झालेल्या आहेत. मधे चौक आणि त्याच्या भोवती भिक्खूंच्या खोल्या, लोक येऊन बघतात ते हेच. चौथी बाजू यंदा आम्ही उघडली. मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती आहेत, कुठे गुडघ्याएवढ्या, कुठे कमरेएवढ्या. त्या उघड्या टाकल्या तर ऊनपावसात विरघळून जातील. म्हणून सगळं मोजायचं, नकाशे काढायचे, फोटो घ्यायचे, मग वर कापड अंथरून वाळू आणि माती टाकून पुन्हा होतं तसं बुजवून टाकायचं. आमच्या कामाची रीतच ती आहे. बुजवणं अर्धवट टाकून मी निघालो आणि एखादा पाऊस आला, तर इतकी शतकं टिकलेलं माझ्या हातून जाईल.

पण मला एक सुचलंय. बाबांनाच इकडे पाठवून दे. या टेकडीचा फाटा त्यांच्याच रस्त्यावरचा. रोज तिथे गाडी थांबवली, पण वर कधी आले नाहीत. मी पहिल्यांदा इथे रुजू झालो तेव्हा तुम्ही माझ्या फाट्यावर नोकरी करता म्हणून चिडवायचे. इथे मोकळ्या हवेत मी त्यांच्याशी बोलेन. आवाजाचं दुःख मला समजतं. मी आवाज टिपून ठेवायचं एक छोटं यंत्र मागवलंय. त्यांच्या रस्त्यावरच्या गोष्टी टिपून ठेवू, म्हणजे आवाज अगदीच गेला असं त्यांना वाटणार नाही. खोल्यांची शेवटची रांग त्यांना दाखवेपर्यंत मी उघडी ठेवतो.

रागावलीस तरी पत्र फाडू नकोस, मागे टाचण लावून ठेव. तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,

तुझा,
मातीखाऊ


३१ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं आमंत्रण पोचलं. येतो. तुझी ताई बॅग भरते आहे आणि भरताना दर वस्तूबरोबर एक सूचना घालते आहे, त्यामुळे बॅग जड झाली आहे.

त्या फाट्यावर मी किती माणसं उतरवली असतील त्याला गणती नाही. कॅमेरेवाले, शाळेच्या सहली, पिवळ्या वस्त्रांतले भिक्खू, नवं लग्न झालेली जोडपी. सकाळी उतरायचे आणि संध्याकाळच्या फेरीला परत भेटायचे. वर काय आहे म्हणून मी विचारायचो. दर माणूस वेगळं सांगायचा. एका म्हाताऱ्याने सांगितलं की वर काहीच नाही, आणि तोच सगळ्यांत खूश दिसत होता. मला तेव्हापासून बघायचं होतं, पण वेळापत्रक कोणाच्या बापाचं नसतं. निवृत्त झालो तेव्हा तुझी आई अंथरुणाला खिळली होती.

एक अट आहे. तिथे आजाराचं नाव काढायचं नाही. इथे तुझी ताई माझ्याकडे मापं घेतल्यासारखी बघत असते. शिवणाचं काम तोंडाशी आलंय आणि तिचं लक्ष माझ्या खोकल्यात. तिच्या केसांत पांढरं शिरलं ते तुझ्या आईच्या उशाशी बसून. तू तेव्हा कुठेतरी लांब खणत होतास म्हणून तुला ठाऊक नसेल, मी समोर होतो.

भेटीत बोलूच. बोलता येतंय तोवर बोलून घेतलेलं बरं. आशीर्वाद आहेत, ते मागायची गरज नाही.

तुझा बाप,
माजी ड्रायव्हर


५ फेब्रुवारी

चि. मातीखाऊ यास,
अ. उ. आ.

उद्या सकाळच्या गाडीने बाबांना बसवून देते आहे. ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकलेला आहे, फाट्यावर हात धरून उतरवीन म्हणाला. तू खाली येऊन थांब. त्यांना पायऱ्या चढू देऊ नकोस. मी चढतो म्हणतील, तरी देऊ नकोस.

गोळ्या सकाळ-संध्याकाळ, डबीवर लिहिलेलं आहे. खाणं मऊ आणि कोमट. जास्त बोलायला लावू नकोस, हे तुला सांगून उपयोग नाही हे मला कळतं, कारण तू त्यांचं बोलणं टिपायला यंत्र घेऊन बसला आहेस.

मी रागावले आहे आणि ते लपवत नाही. इथे एक माणूस दिवसादिवसाने हातातून निसटतोय आणि तू त्याला पडक्या भिंती दाखवायला बोलावतोस. पण खरं सांगू का, तू बोलावल्यापासून ते पहिल्यांदा आपणहून दाढी करून बसले, आणि स्वतःचे बूट स्वतः पुसले. म्हणून मी गप्प बसले. परत येतील तेव्हा हो म्हणून येऊ देत, एवढंच तुझ्याकडे मागते. तेवढं जमलं नाही तर पुढचं पत्र कसं लिहायचं मला सुचणार नाही.

स्वेटर घातलाय तो काढू देऊ नकोस. तुझ्यावरचा लोभ शिल्लक आहे, पण जपून वापर.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा आज दुपारच्या गाडीने निघाले. पत्र त्यांच्याच हाती देता आलं असतं, पण यात जे आहे ते त्यांच्या खिशातून येणं बरं नाही, म्हणून टपालात टाकतो.

पहिल्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं. खुर्ची उचलणाऱ्यांना ते वळणावर ब्रेक मारायला सांगत होते. वर पोचल्यावर मात्र स्वतःच्या पायांनी निघाले. चौकाच्या कडेने हळूहळू एक फेरी घातली, खांबांच्या नुसत्या बैठका उरल्या आहेत त्यांना हात लावला, पाण्याचं टाकं वाकून बघितलं. मग म्हणाले की इतकी माणसं इथे राहिली आणि एकाचंही नाव कुठे नाही, हे बरं आहे.

मी यंत्र काढलं आणि फाट्यावरच्या गोष्टी सांगा म्हणालो. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि बंद कर म्हणाले. मी गेल्यावर तुम्ही दोघं भांडलात की हे लावून बसणार का, असं विचारलं. त्यात आता वाऱ्याचा आवाज आहे आणि हे एवढं वाक्य आहे. तुझं मागणं आणि आजाराचं नाव काढायचं नाही ही त्यांची अट, दोन्ही डोक्यात ठेवून मी यंत्र खिशात टाकलं. दोन दिवस आम्ही फक्त विटांबद्दल बोललो.

तिसऱ्या दिवशी शेवटची रांग दाखवली. आम्ही बुजवायला सुरुवात केली होती, टोकाची एक खोली तेवढी त्यांच्यासाठी ठेवली होती. इतर खोल्यांसारखीच तीही लहान. दोन भिंतींना लागून दोन ओटे, निजायचे. पण हिचं दार जरा रुंद आहे आणि एका ओट्याच्या पायथ्याशी पाणी वाहून जायला पन्हळ काढलेली आहे. आमचा अंदाज असा की आजारी माणसाला इथे ठेवत असावेत. अंदाजच, छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. मी त्यांना तसं सांगितलं.

बाबा त्या ओट्यावर बसले. विचारू लागले, की घरदार सोडून आलेली माणसं ही, बायको नाही, पोरं नाहीत, मग आजारी पडल्यावर यांचं कोण करायचं. मी म्हणालो की त्यांच्यात दंडकच होता, आजारपण शेजारच्या ओट्यावरच्याने काढायचं. शिष्य पडला तर गुरूने, गुरू पडला तर शिष्याने. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे घाण काढण्यापासून सगळं का. मी हो म्हणालो. मग गुरूला लाज वाटत नसेल का, असं त्यांनी विचारलं. वाटत असणारच म्हणालो, पण ओटे तर दोनच बांधलेत, म्हणजे वाटली तरी करून घेत असतील.

ताई, मग ते जे बोलले ते तुला जसंच्या तसं सांगतो. म्हणाले, आवाजाचं मला एवढं काही नाही. पुष्कळ बोलून झालं. पण पोरीने आईचं सगळं काढलं, पाठ पुसली, चादरी धुतल्या, तिच्या बरोबरीच्या बायका हिंडत-फिरत होत्या तेव्हा ही उशाशी होती. मी तिच्या हातांकडे बघत होतो. आता त्याच हातांनी माझ्या गळ्याचं भोक पुसायचं. ते मला बघवणार नाही म्हणून मी नको म्हणतो. पुढे म्हणाले की या लोकांना कोणी नव्हतं, तर त्यांनी परक्याकडून करून घेतलं. मला पोटची पोर आहे आणि मी नको म्हणतोय, हा नुसता माज झाला.

आपण दोघं त्यांच्या आवाजाची समजूत काढत बसलो होतो. तू माहितीपत्रक आणलंस, मी यंत्र. त्यांचं दुखणं भलतीकडेच होतं. मला फार शरम वाटली, आणि रडूही आलं.

आज सकाळी ती खोली बुजवली. एवढं उकरून परत पुरता, हे काही त्यांना पटलं नाही. मी म्हणालो, मातीखाली गेलेलं संपत नाही, फक्त दिसत नाही, तसंच आवाजाचंही. तर मला दगडविटांवरून शहाणपण शिकवू नकोस म्हणाले. मग मातीचा ट्रॅक्टर मागे घ्यायची वेळ आली आणि ते खुर्चीतून उठलेच. अजून मागे, डावीकडे घे, बस्स, असं बसक्या आवाजात सबंध वेळ ओरडत होते. तू असतीस तर मला कच्चं खाल्लं असतंस. पण मी थांबवलं नाही. मातीची शेवटची पाटी त्यांनी स्वतः ओतली.

त्यांनी हो असं मला म्हटलेलं नाही. तुलाच म्हणतील. हे पत्र वाचलंस हे त्यांना दाखवू नकोस.

तुझ्या रागालोभाचा भुकेला,
मातीखाऊ


१५ फेब्रुवारी

चि. मातीखाऊ यास,
अ. उ. आ.

बाबा आले, पायांची माती दारात झटकली, बॅग खाली ठेवली आणि तारीख वीसच ना, म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. मग जेवायला वाढ म्हणाले. आवाज इतका बसलाय की शब्द ओठांवरून ओळखावे लागतात. ट्रॅक्टरचा हिशेब तुझ्याकडून नंतर चुकता करून घेईन.

तुझं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं. आधी मी खूप रडले आणि मग मला राग आला. आईचं केलं ते मला ओझं होतं, असं त्यांना कोणी सांगितलं? थकत होते, चिडत होते, एकदा ताट आपटलंही होतं, हे खरं. पण ती माझी आई होती. त्या दिवसांत ती माझ्याशी जेवढी बोलली तेवढी आधी कधी बोलली नव्हती. माझ्या हातांकडे बघत बसण्यापेक्षा एकदा मला विचारायचं होतं. पण आमच्या घरात विचारायची पद्धत नाही, सगळे आपापलं ठरवून मोकळे होतात. मीही त्यांना विचारलं नाहीच, तारीख घेऊन आले.

त्यांना यातलं काही बोलले नाही, तू बजावलं आहेस म्हणून. एकोणीसला दाखल करायचं आहे. तू वीसला पोचतोसच. येताना ते यंत्र आण. आवाज नुसता वाऱ्याचा असला तरी ऐकेन.

माया आहेच, ती लिहून वाढत नाही.

तुझी,
ताई


१४ मार्च

चि. मातीखाऊ यास,
अ. उ. आ.

तू परत गेल्यापासूनची हकीकत. बाबांना घरी आणलं. जखम चांगली भरते आहे, डॉक्टर खूश आहेत. घशाखाली पातळ अन्न उतरतं. पाटीवर लिहून बोलतात आणि अक्षर एवढं मोठं काढतात की दोन शब्दांत पाटी भरते. काल पाटीवर माझ्या आमटीला नावं ठेवली, म्हणजे प्रकृती सुधारते आहे.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती तुलाच सांगू शकते. नळी साफ करायचं दवाखान्यात मला शिकवलं. आरशात बघून त्यांना ते जमत नाही म्हणून सध्या मीच करते. मी बेसिनवर हात धुऊन खोलीत गेले की ते तोंड भिंतीकडे फिरवतात. गळा पुढे करून देतात, मान वळवलेली, डोळे घट्ट मिटलेले. माझं होईपर्यंत श्वास रोखल्यासारखे पडून राहतात. नंतर तासभर पाटी हातात घेत नाहीत. हो म्हणाले, ऑपरेशन झालं, पण त्यांनी मला अजून करू दिलेलं नाही, नुसतं सोसलेलं आहे. मला वाटतं आपण त्यांना जगवलं आणि फार एकटं केलं.

बाहेरची नर्स ठेवावी का? परक्या बाईची त्यांना कमी लाज वाटेल. मला वाईट वाटेल, पण माझ्या वाईट वाटण्याचं काय. तुझं मत कळव. लवकर कळव.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा पाठव.

तुझी,
ताई


२२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. सगळी रांग बुजवून झाली आणि वर गवताचं बी टाकलंत, हे वाचून बरं वाटलं. ट्रॅक्टरवाल्याला माझा नमस्कार सांग. अजून डावीकडेच ओढत असेल.

नर्सबद्दल तू जे विचारलंस त्याचं उत्तर पाटीवर मावणारं नाही, म्हणून कागद घेतला. तुझ्या ताईने तुला काय लिहिलं असेल त्याची मला कल्पना आहे. ती म्हणते ते खोटं नाही. तुझ्या त्या ओट्यावर बसून माज उतरला असं मला वाटलं होतं. तोंडाने हो म्हणणं सोपं होतं. रोज सकाळी ती हात धुऊन आली की मला मेल्याहून मेल्यासारखं होई. मग मी भिंत बघायचो. भिंतीचा रंग कुठे कुठे उडालाय ते सगळं मला पाठ झालं.

काल खोकल्याची उबळ आली आणि मान आपोआप तिच्याकडे वळली. तिचं काम चालू होतं, त्यामुळे परत वळवता येईना. डोळे उघडे राहिले आणि तिचा चेहरा अगदी समोर आला. तिला वाईट वाटत असेल, किळस येत असेल, निदान थकली तरी असेल, असं काहीतरी मी धरून चाललो होतो. तसलं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. ती लहान असताना तुझ्या आईजवळ बसून सुईत दोरा ओवायला शिकली, तेव्हा जिभेचं टोक दातांत धरायची. तशीच जीभ दातांत धरून, भुवया आखडून, ती माझी नळी पुसत होती. मी समोर आहे हेही ती विसरली होती.

आज सकाळी मी मान वळवली नाही. नर्स नको.

हे तिला कळवू नकोस, नाहीतर जीभ आत घेईल. आशीर्वाद आहेत, दोघांनाही.

तुझा बाप